रामबागेतील तीन जुनी उपकरणे आणि 47 दिवस

वडील गेल्यानंतर दीड वर्ष इंदूरच्या रामबागेतील आमच्या घराचा वरचा मजला बंद होता. 1 डिसेंबरपासून तो भाड्याने द्यायचे भावाने आणि मी ठरवले आणि दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे 5 ऑक्टोबर 2025 रोजी, मी कुलूप उघडून सामानाची यादी करायला बसले. पुस्तके वाचनालयाला, भांडी नातेवाइकांत आणि कपडे गरजूंना, अशी बहुतेक सामानाची सोय दोन तासांत लागली. उरल्या तीन वस्तू: 1991 साली घेतलेला 165 लिटरचा फ्रिज, 1999 सालचा 21 इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही आणि 2008 सालचे दोन टबांचे वॉशिंग मशीन. तिन्ही बंद पडलेल्या होत्या आणि दुरुस्तीच्या पलीकडे गेल्या होत्या. या तीन वस्तू योग्य ठिकाणी पोचवून त्याचा दाखला हाती यायला मला 47 दिवस लागले. त्या दिवसांत जे कळले ते आधी कोणी सांगितले असते तर निम्मे दिवस वाचले असते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

त्याच दुपारी मी आमच्या नेहमीच्या अटालेवाल्याला बोलावले. इंदूरमध्ये भंगाराला अटाला म्हणतात, आणि गल्लीतील प्रत्येक घराचा एक ठरलेला अटालेवाला असतो. हे गृहस्थ वडिलांच्या काळापासून आमच्याकडून रद्दी आणि लोखंड नेत आले आहेत, वजनात त्यांनी कधी फसवले नाही, आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. त्यांनी तिन्ही वस्तू पाहून 1,900 रुपये सांगितले: फ्रिजचे 1,100, मशीनचे 600 आणि टीव्हीचे 200. दर मला पटला. मग त्यांनी पिशवीतून पक्कड काढली आणि फ्रिज भिंतीपासून ओढून त्याच्या पाठीमागची तांब्याची नळी हातात धरली. कॉम्प्रेसर इथेच कापून वेगळा केला की जिन्यावरून उतरवायला फ्रिज हलका होतो, असे त्यांचे म्हणणे होते. आतल्या गॅसचे काय, असे मी विचारले. ती फुस्स करून निघून जाते, वास येत नाही, घाबरू नका, असे त्यांनी मला धीर देत सांगितले.

मी त्यांना थांबवले. गेली वीस वर्षे मी शाळेत विज्ञान शिकवते आणि ओझोनच्या थराचा धडा दरवर्षी फळ्यावर आकृती काढून समजावते. फ्रिजच्या मागच्या धातूच्या पट्टीवर कोणता गॅस भरला आहे आणि किती ग्रॅम, हे कोरलेले असते. आमच्या पट्टीवर आर-12 लिहिले होते. हा क्लोरोफ्लुरोकार्बन गटातील वायू आहे. वातावरणाच्या वरच्या थरात पोचल्यावर त्यातील क्लोरीन ओझोनचे रेणू तोडतो, शिवाय उष्णता अडवून धरण्यात तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडपेक्षा दहा हजार पटींहून प्रभावी आहे. 1987 च्या मॉन्ट्रियल करारात त्याला हळूहळू हद्दपार करायचे ठरले, भारत 1992 मध्ये त्या करारात सामील झाला आणि 1 जानेवारी 2010 पासून, दम्याच्या औषधी फवाऱ्यांसारखे अपवाद सोडले तर, आपल्याकडे या वायूंचा वापर थांबला. तरी जुन्या फ्रिजांच्या नळ्यांमध्ये तो अजून शिल्लक आहे. घरगुती फ्रिजमध्ये साधारण शंभर ग्रॅम धरले, तर पकडीच्या एका दाबाने एक टन कार्बन डायऑक्साइडएवढे नुकसान होणार होते. वडिलांनी त्या फ्रिजमध्ये कधीही पुन्हा गॅस भरून घेतली नव्हती, त्यामुळे नळी शाबूत असेपर्यंत तो वायू आतच होता.

टीव्हीचे काय करता, हेही मी विचारले. ट्यूबची मागची मान हातोडीने तोडली की त्याभोवतीचे तांबे निघते, काच कोणी घेत नाही, ती भरावात जाते, असे उत्तर मिळाले. पिक्चर ट्यूबच्या नरसाळ्यासारख्या मागच्या भागाच्या काचेत शिसे मिसळलेले असते आणि पडद्याच्या आतल्या बाजूला चमकणाऱ्या भुकटीचा लेप असतो. हे काम ते आणि त्यांचा मुलगा उघड्या हातांनी करतात. मी त्यांना ते समजावून सांगितले, त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आणि मग विचारले की याशिवाय दुसरी जागा कोणती आहे ते मीच सांगावे. त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी कोजागिरी होती. रात्री दूध आटवत ठेवून मी नियम वाचायला बसले. मला वाटत होते की हा राज्याचा विषय असेल आणि भोपाळहून काही कायदा निघालेला असेल. तसे नाही. देशभर लागू असलेले ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, 2022 हे केंद्राचे आहेत, 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली ते 2 नोव्हेंबर 2022 रोजी प्रसिद्ध झाले आणि 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. त्याआधी 2011 आणि 2016 चे नियम होते. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन आणि वातानुकूलन यंत्र पूर्वीपासून यादीत होतेच, नव्या नियमांनी मात्र 21 वस्तूंची यादी 106 पर्यंत वाढवली. राज्य शासनाकडे काम आहे ते औद्योगिक वसाहतींमध्ये या उद्योगासाठी जागा राखून ठेवण्याचे आणि सुटे भाग करणाऱ्या कामगारांची नोंदणी व प्रशिक्षण करण्याचे. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पुनर्वापर कारखान्यांची अचानक तपासणी करण्याचे काम आहे. नोंदणी मात्र केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर होते, आणि ती चौघांसाठी आहे: वस्तू घडवणारा, ती आपल्या नावाने बाजारात आणणारा उत्पादक, दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा आणि पुनर्वापर करणारा.

घरगुती ग्राहकाचे कर्तव्य कुठे लिहिले आहे, ते मी दोनदा शोधले. 2022 च्या नियमांत वेगळी जबाबदारी आहे ती मोठ्या ग्राहकाची, म्हणजे वर्षात यादीतील किमान एक हजार वस्तू वापरणाऱ्या संस्थेची. माझ्यासारख्या तीन वस्तूंच्या मालकिणीने काय करायचे, हे तिच्यावरच सोडलेले आहे.

हे वाचून निराश होण्याऐवजी मी सरळ कंपन्यांना फोन करायला सुरुवात केली, कारण नियमांचा कणा असलेली विस्तारित उत्पादक जबाबदारी, म्हणजे विकलेल्या मालाचे आयुष्य संपल्यावर त्याचा पुनर्वापर होईल हे पाहण्याची जबाबदारी, जिला सगळे ईपीआर म्हणतात, ती कंपन्यांवर आहे. 7 ऑक्टोबरला वॉशिंग मशीनच्या कंपनीच्या ग्राहक सेवेने माझी विनंती नोंदवून घेतली, क्रमांक दिला आणि सात ते दहा कामाच्या दिवसांत माणूस येईल असे सांगितले. टीव्हीच्या कंपनीने एका संकलन केंद्राचा पत्ता दिला. 11 ऑक्टोबरला, शनिवारी, मी रिक्षाने तिथे गेले, तर त्या पत्त्यावर बंद शटर होते आणि शेजारच्या दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे ते वर्षभर उघडलेले नव्हते. जाण्यायेण्याचे 180 रुपये गेले. फ्रिजची कंपनी आता अस्तित्वातच नाही.

या शेवटच्या प्रकाराला नियमांत एक नाव आहे, आणि ते वाचून मला जरा गलबलून आले. ज्या वस्तूवर कोणाचेही नाव नाही किंवा जिची कंपनी बंद झाली आहे, तिला तिथे अनाथ वस्तू म्हटले आहे. अशा वस्तू गोळा करून नोंदणीकृत पुनर्वापर कारखान्याकडे पोचवणे हे स्थानिक संस्थेचे काम ठरवले आहे. 13 आणि 14 ऑक्टोबरला मी ती तरतूद छापून घेऊन एका शासकीय कार्यालयात गेले. पहिल्या दिवशी संबंधित साहेब बैठकीत होते. दुसऱ्या दिवशी एका तरुण लिपिकाने कागद पूर्ण वाचला, हे मला माहीत नव्हते असे प्रांजळपणे सांगितले आणि अर्ज ठेवून घेतला. त्याची पोच मी शिक्का मारून घेतली. उत्तर अजून आलेले नाही. अर्ज देणाऱ्यांनी पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये, एवढे मात्र सांगेन.

इथे आपल्या शहराविषयी एक गोष्ट नोंदवायला हवी. इंदूरमध्ये दारात येणाऱ्या कचरागाडीला ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, घातक आणि वैद्यकीय कचऱ्याचे असे सहा वेगळे कप्पे आहेत आणि घरातली मुलेसुद्धा चार्जर आणि बिघडलेला रिमोट नेमक्या कप्प्यात टाकतात. ही सवय लागली म्हणूनच पुढे गल्लीतले लोक माझ्याबरोबर आले, असे मला वाटते. पण तो कप्पा हातात मावणाऱ्या वस्तूंसाठी आहे. पंचेचाळीस किलोचा फ्रिज त्यात जाणार नाही हे उघड आहे, आणि घरोघरी नेमका हाच प्रश्न जिन्याखाली, गच्चीवर आणि माळ्यावर अडून बसला आहे. 2025 च्या जानेवारीत भोपाळच्या युनियन कार्बाइडचा 337 टन कचरा जाळण्यासाठी इंदूरजवळच्या पीथमपूरला आला, तेव्हा शहरभर काळजी आणि निदर्शने होती, आणि ती काळजी रास्त होती. त्या वेळी आपल्या गच्चीवरच्या फ्रिजमध्ये काय आहे, हा विचार माझ्याही मनात आला नव्हता.

भावाने पुण्याहून सुचवले की भाडेकरूसाठी नवे मशीन घ्यायचेच आहे, तर जुने बदल्यात देऊन टाक. 15 ऑक्टोबरला मी एका दुकानात विचारले. बदल्यात 1,500 रुपये कमी होत होते. जुने मशीन पुढे कुठे जाते, असे विचारल्यावर विक्रेत्याने मोकळेपणाने सांगितले की महिन्याच्या शेवटी त्यांचा अटालेवाला सगळे एकदम उचलतो. दुकान कंपनीच्या नावाचे असले म्हणून बदल्यात दिलेली वस्तू कारखान्यात जाते असे गृहीत धरू नये. लेखी विचारावे.

मग दिवाळी आली. मोठ्या टीव्हींवरील आणि वातानुकूलन यंत्रांवरील जीएसटी 22 सप्टेंबरपासून 28 टक्क्यांवरून 18 वर आलेला होता, त्यामुळे या क्षेत्रातील सगळी वाहने नवा माल पोचवण्यात गुंतलेली होती, आणि मशीनच्या कंपनीचा माणूस येण्याची आशा मी लक्ष्मीपूजनापर्यंत सोडली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, 24 ऑक्टोबरला, पुन्हा फोन केला, तेव्हा ग्राहकाशी संपर्क झाला नाही असे लिहून माझी विनंती बंद केलेली आढळली. माझ्या फोनवर त्यांचा एकही फोन आलेला नव्हता. त्या संध्याकाळी मला खरोखर वाटले की अटालेवाल्यांना बोलावून मोकळे व्हावे. वरच्या मजल्याचा रंगारी 10 नोव्हेंबरला येणार होता.

त्या रात्री मी नियमांतला ईपीआरचा भाग पुन्हा वाचला आणि या वेळी तो नीट कळला. कंपनीला दरवर्षी एक उद्दिष्ट असते. काही वर्षांपूर्वी तिने जितक्या वजनाचा माल विकला, त्यातील आता आयुष्य संपलेल्या मालाच्या ठरावीक टक्के वजनाचा पुनर्वापर झालेला दाखवायचा असतो: 2023-24 आणि 2024-25 साठी 60 टक्के, 2025-26 आणि 2026-27 साठी 70 टक्के आणि 2027-28 पासून 80 टक्के. हे दाखवण्यासाठी कंपनीने माझ्या दारात येण्याची गरज नाही. नोंदणीकृत कारखाना जुना माल घेतो, त्यातून सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम वेगळे करतो, त्या प्रमाणात संकेतस्थळावर त्याच्या नावाने प्रमाणपत्रे तयार होतात आणि कंपन्या ती विकत घेतात. 2024 मध्ये घरगुती उपकरणांसाठी किलोमागे किमान 22 रुपये असा दर ठरवला गेला आणि काही मोठ्या कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. माल हवा आहे तो कारखान्याला. तो त्याला जिथून मिळेल तिथून तो घेईल. मी तीन आठवडे चुकीच्या दारावर थाप मारत होते. कंपनी, दुकान आणि कार्यालय यांच्या मागे न लागता पहिल्या दिवशीच कारखान्याला फोन करायला हवा होता.

27 ऑक्टोबरला शाळा सुटल्यावर मी केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावरील पुनर्वापर करणाऱ्यांची यादी उघडली आणि मध्य प्रदेशातील नावे वहीत उतरवली. दोन दिवसांत सात फोन केले. दोघे फक्त संगणक आणि मोबाइल घेत होते. एक फोन लागला नाही. एकाने सगळे घेतो म्हटले, पण नोंदणी क्रमांक विचारल्यावर नंतर कळवतो म्हणून फोन ठेवला. पाचव्या फोनवर एका बाईंनी माझे सगळे प्रश्न ऐकून घेतले. फोनवर मी हे विचारत गेले: केंद्रीय मंडळाचा नोंदणी क्रमांक काय आणि तो कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे, राज्य मंडळाची जल आणि वायू प्रदूषण कायद्यांखालची संमती आहे का, फ्रिजमधील गॅस काढून साठवण्याचे यंत्र तुमच्याकडे आहे का, की फ्रिज दुसरीकडे पाठवता, पिक्चर ट्यूबच्या काचेचे काय करता, आणि वजनाची पावती व नंतर पुनर्वापराचा दाखला देता का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे यादीशी ताडून पाहता येतात. तिसऱ्या प्रश्नाला जो अडखळतो त्याला फ्रिज देऊ नये.

त्या बाईंकडे सगळ्याची उत्तरे होती. अडचण एकच होती. शहरात गाडी पाठवायची तर किमान 250 किलो माल हवा. माझ्या तिन्ही वस्तू मिळून शंभर किलोही होत नव्हत्या. स्वतः टेम्पो करून नेले तर कितीही माल घेऊ, असे त्या म्हणाल्या, पण त्या टेम्पोचे एका फेरीचे 1,400 रुपये पडत होते.

दिवाळीचा फराळ द्यायला घरोघरी जाणे अजून संपलेले नव्हते, त्यामुळे मी करंजीच्या डब्याबरोबर हा विषयही नेला. समोरच्या काकांनी ऐकता क्षणी गच्चीवरची खिडकीची वातानुकूलन यंत्रे आठवली, मग एकच आहे असे काकूंनी दुरुस्त केले. दोन घरांत पिक्चर ट्यूबचे टीव्ही निघाले, एकात दुसरा फ्रिज, आणखी एकात मशीन. एका वहिनींनी मात्र स्पष्ट विचारले की अटालेवाला हजार रुपये देतो, तर कमी पैशांत का द्यायचे. मी त्यांना कारखान्याचा दर सांगितला, गॅसचे आणि शिशाचे सांगितले, आणि आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने मायक्रोवेव्ह आणून ठेवला. दहा दिवसांत एकूण अंदाज 280 किलोच्या वर गेला.

या दहा दिवसांत तयारी करताना जे कळले ते इथेच सांगते. फ्रिजचे दार दोरीने बांधून ठेवावे आणि खाली लहान मुले खेळत असतील तर ते आधीच काढून टाकावे. फ्रिज उभाच न्यावा, आडवा टाकला की मागची नळी दुमडते आणि तडकते. पिक्चर ट्यूबमध्ये निर्वात पोकळी असते, त्यामुळे तो टीव्ही पडदा अंगाकडे धरून उचलावा आणि मानेला धक्का लागू देऊ नये. मागचे झाकण घरी उघडू नये, कारण बंद संचातही काही काळ विद्युतभार राहतो. इन्व्हर्टरची बॅटरी या मालात देऊ नये. तिच्यासाठी 2022 चेच पण वेगळे बॅटरी कचऱ्याचे नियम आहेत आणि शिसे-आम्लाची बॅटरी विक्रेता वजनावर परत घेतो. संगणक देत असाल तर त्यातील डिस्क काढून ठेवावी. आणि प्रत्येक वस्तूवर कागद चिकटवून घरमालकाचे नाव व अंदाजे वजन लिहावे, म्हणजे नंतर पैशांच्या हिशेबात मन कलुषित होत नाही.

8 नोव्हेंबरला, शनिवारी सकाळी साडेनऊला येणारी गाडी पावणेबाराला आली. वरच्या मजल्यावरून आमच्या वस्तू उतरवायला मी दोन हमाल ठरवले होते, त्यांचे 700 रुपये झाले. जिन्याच्या वळणावर फ्रिज अडकला तेव्हा माझा जीव त्या मागच्या नळीत होता. दोघांनी तो उभाच फिरवून अलगद खाली आणला. गाडीबरोबर इलेक्ट्रॉनिक वजनकाटा होता आणि प्रत्येक वस्तू वेगळी तोलली गेली: माझा फ्रिज 46 किलो, मशीन 27, टीव्ही 23, आणि गल्लीचे सगळे मिळून 293 किलो. फ्रिजला किलोमागे 14 रुपये आणि मशीनला 10 रुपये मिळाले, टीव्हीला काहीच नाही, कारण शिशाच्या काचेवर प्रक्रिया करण्याचा खर्च त्यातील तांब्याच्या किमतीपेक्षा जास्त पडतो. माझ्या हातात 914 रुपये आले. अटालेवाल्याच्या भावापेक्षा हे 986 रुपये कमी, आणि वर हमालांचे 700. हा आकडा मी लपवत नाही, कारण ज्याचा महिना तंग आहे त्याने कमी पैशांत देण्याची अपेक्षा करणे मला बरोबर वाटत नाही. नियमाने देणाऱ्या घराला अटाल्याच्या भावाइतकी रक्कम मिळण्याची सोय कायद्यात असायला हवी. कंपनीकडून कारखान्याला मिळणाऱ्या पैशातील काही भाग दारापर्यंत आला तर हे शक्य आहे.

पावतीवर गाडीचा क्रमांक, वजन, वस्तूंची नावे आणि कारखान्याचा नोंदणी क्रमांक होता. सही करण्यापूर्वी मी प्रत्येक ओळ वाचली. चालकाने घाई केली नाही.

मी त्या बाईंना विचारून ठेवले होते की काम पाहता येईल का. 15 नोव्हेंबरला, शनिवारी, त्यांनी बोलावले. शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत बसने आणि पुढे रिक्षाने गेले, सव्वा तास लागला. फाटकावर नाव लिहून हातमोजे, टोपी आणि मुखपट्टी दिली. शेडच्या एका बाजूला फ्रिज उभ्याने ओळीत ठेवलेले होते, आणि तिसऱ्या क्रमांकावर आमचा होता. दारावर आईने चिकटवलेला गणपती तसाच होता. एका मुलाने नळीला चिमट्यासारखे साधन लावले, ते आवळले की त्याची सुई नळीला छेद देते आणि गॅस बाहेर न येता रबरी नळीतून एका यंत्रात आणि तिथून सिलिंडरमध्ये जाते. काटा हलला आणि खाली आला. पाच-सहा मिनिटांचे काम. फुस्स असा आवाज झाला नाही. नंतर त्याने कॉम्प्रेसर सोडवून त्यातील तेल एका डब्यात काढले. वीस वर्षे मी ज्या वायूची आकृती फळ्यावर काढत आले, तो मी पहिल्यांदा इतक्या जवळून, तरीही न पाहता, सिलिंडरमध्ये बंद होताना अनुभवला. मी काही बोलू शकले नाही.

पिक्चर ट्यूबचे काम बंद खोलीत, हवा खेचणाऱ्या पंख्याखाली चालते. पडदा आणि नरसाळे यांच्या सांध्याभोवती तापलेली तार गुंडाळून काच तडकवतात, दोन्ही काचा वेगळ्या पिंपांत जातात आणि पडद्यावरची भुकटी खेचून घेतात. फ्रिजच्या भिंतींमधील फोममध्येही जुन्या काळी याच गटातील वायू भरलेला असे, त्याचे काय, असे मी विचारले. इथे उत्तर अपुरे मिळाले. फोमचे तुकडे न करता तो घातक कचऱ्याच्या केंद्राकडे पाठवतो, पण कापताना काही वायू निसटतोच, असे त्या बाईंनी मान्य केले. त्यांनी ते लपवले नाही म्हणून त्यांच्या बाकीच्या सांगण्यावर माझा विश्वास वाढला. तिथल्या एका वयस्क कामगाराने सांगितले की पूर्वी तेही हातगाडीवर अटाला गोळा करत असत. आता महिन्याला ठरलेला पगार आहे आणि वर्षातून एकदा छातीची तपासणी होते.

21 नोव्हेंबरला पुनर्वापराचा दाखला आला, गल्लीतील सात घरांच्या नावांसह. हा कागद म्हणजे ईपीआर प्रमाणपत्र नव्हे, ते कारखान्याच्या नावावर संकेतस्थळावर तयार होते आणि घरमालकाला मिळत नाही. त्याची मागणी करून कोणाशी वाद घालू नये. आपल्यासाठी वजनाची पावती आणि हा दाखला पुरेसा आहे. वडिलांच्या फाइलमध्ये फ्रिजचे 1991 सालचे बिल होते, त्याच्या मागे मी दोन्ही कागद लावले.

कारखान्याहून परतल्यावर मी आमच्या अटालेवाल्यांना बोलावून घेतले आणि त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले. कारखाना त्यांच्याकडूनही वजनावर माल घेतो, मात्र नळी न कापलेला फ्रिज आणि न फोडलेली ट्यूब असेल तरच, हे मी त्या बाईंकडून आधी विचारून घेतले होते. न कापलेल्या फ्रिजला किलोमागे दोन रुपये जास्त मिळतात. त्यांनी कारखान्याचा क्रमांक मुलाच्या फोनमध्ये भरून घेतला. मागच्या आठवड्यात त्यांनी दोन फ्रिज तिथे पोचवल्याचे मुलाने सांगितले, पण ट्यूबचे पैसे मिळत नसल्याने ती नेणे त्यांना परवडत नाही, आणि ते खरे आहे. म्हणून गल्लीतील ट्यूबचे टीव्ही पुढच्या फेरीत आम्हीच द्यायचे ठरवले आहे. त्यासाठी आतापर्यंत सुमारे 140 किलो माल जमला आहे, लोकमान्यनगरमधील दोन ओळखीची घरेही येणार आहेत, आणि 250 किलो पूर्ण झाले की जानेवारीतल्या एखाद्या शनिवारी गाडी बोलावू.